रंगवलेला हेला

गाडी विकायला काढली की माणूस आधी ती धुतो. मी रंगवली. तिथंच सगळं चुकलं, पण ते मला शुक्रवारपर्यंत कळलं नव्हतं.

आमच्या हिंगोलीकडे बैल बाजारात न्यायचा असला की आदल्या दिवशी त्याची शिंगं घासून रंगवतात, नवी वेसण घालतात, गळ्यात नवा कंडा बांधतात. बैल तोच असतो. पण गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे की घरच्यांनी याला जीव लावलाय. मी लहानपणी जे बघितलं तेच म्हातारपणी केलं, एवढाच माझा गुन्हा.

गाडी म्हणजे जीप कंपनीची जुनी पिकअप, एकोणसाठ सालची. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, आणि जोर चारही चाकांना. वरसाव्याच्या खाणीवर मी तिच्यावर ड्रायव्हर होतो. चिखलात ट्रक रुतले की हिचा छोटा गिअर टाकायचा, आणि ही डुलत डुलत त्यांना ओढून बाहेर काढायची. म्हणून खाणीवरची माणसं तिला हेला, म्हणजे रेडा, म्हणायची. एक्याऐंशी साली मालकाने नवे ट्रक घेतले आणि हेला माझ्या गळ्यात मारला. निदान त्याला तसं वाटलं. सहा महिन्यांत मी इंजिन खोलून असं काही बसवलं की तोच मालक परत मागायला आला. त्याच्यामागून खडी क्रशरवाला आला, मग घोडबंदरचा एक रेतीवाला. चहाच्या टपरीवर गाडी उभी केली की कोणीतरी हौद्यावर थाप मारून विचारायचंच, "काय कोंडिराम, विकायची का?" नाही म्हणून म्हणून माझं तोंड दुखायचं.

आता दोन हजार सहा साल होतं. मला विकायची होती आणि विचारायला कोणी येत नव्हतं.

आम्ही बेव्हर्ली पार्कात राहतो, माझा मुलगा लोकेश याच्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लोकेश विमा कंपनीत आहे. सोसायटीने खाली पिवळे पट्टे मारले आणि नोटीस लावली, एका फ्लॅटला एकच गाडी. लोकेशने नवी गाडी बुक केली होती. माझे गुडघेही आता क्लचला उत्तर देत नव्हते.

"बाबा, रविवारपर्यंत गिऱ्हाईक आलं तर आलं," लोकेश म्हणाला. "नाही तर सोमवारी नाथाला देऊन टाकू."

नाथा म्हणजे केबिन रोडचा भंगारवाला. बातमी लागल्यापासून तो रोज येऊन गाडीभोवती चक्कर मारायचा.

"काका, पेशंट कसाय?"

"तुझ्यापेक्षा बरा आहे."

"नाही, मी कटरवाल्याला सोमवारचं सांगून ठेवलंय. दुपारी आणतो. तुम्ही झोपलेले असता ना, तुम्हाला आवाज नको."

गाडी जाणार याचं मला फार काही नव्हतं. लेकी सासरी जातातच. पण जिच्या एकेका नटाला मी तेल पाजलं, ती नाथाच्या कटरखाली चार तुकडे होऊन हातगाडीवरून जाणार, हे काही केल्या गिळवत नव्हतं. कोणीही न्यावी, फक्त ती चालवत न्यावी.

लोकेशने पेपरात जाहिरात दिली आणि एकच फोन आला. ईश्वरभाई नावाचे गृहस्थ, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. त्यांच्या लहानपणी जुनागडकडे त्यांच्या वडिलांकडे हीच गाडी होती. फोनवर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"ओरिजिनल छे ने?"

"एकदम ओरिजिनल," लोकेश म्हणाला. ओरिजिनल म्हणजे चोरीची नाही, असं आम्ही समजलो.

"मेंटेन केलीय?"

"अंकल, बाबा आमच्यापेक्षा जास्त तिलाच जपतात."

भाव फोनवरच ठरला. शुक्रवारी बघून न्यायची. मधे माझ्या हातात चार दिवस होते. मी हेला काढला आणि थेट वरसाव्याला धर्माजीकडे नेला. धर्माजी माझा खाणीच्या वेळचा दोस्त, खाडीवरच्या होड्या रंगवतो.

"बाजारात न्यायचाय," मी म्हटलं.

"मंग नवऱ्यासारका दिसला पायजे," धर्माजी म्हणाला. "न्हाय दिसला तं माजं नाव धर्माजी न्हाय."

त्याने चकचकीत निळा रंग मारला, हौद्याला पिवळी किनार काढली आणि दोन्ही दारांवर एकेक मोर काढला. मी उघड्या दिव्यांना नव्या चमकत्या रिंगा बसवल्या. स्टिअरिंगला झालर लावली. सीटवर लाल रेक्झिन चढवलं. गिअरच्या दांड्यावर काचेसारखा गोळा बसवला, त्याच्या आत प्लॅस्टिकचा मासा होता. शुक्रवारी सकाळी मी गाडी खाली उभी केली तेव्हा सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "अंकल, शादी किसकी है?"

अकरा वाजता ईश्वरभाई आले. साठीचे, पांढरा सफारी, हातात भिंग. बरोबर त्यांची बायको हंसाबेन. गाडीतून उतरता उतरता त्या दमल्यासारख्या दिसत होत्या, पण ते दमणं प्रवासाचं नव्हतं हे मला मागाहून कळलं.

ईश्वरभाई गेटातून आत आले आणि जागीच थांबले.

"आ शुं छे?"

"गाडी," मी अभिमानाने म्हटलं.

"हा मोर?"

"दोन आहेत. पलीकडे पण आहे."

ते हळूहळू जवळ आले. "व्हील कॅप?"

"नव्या! चारही."

"दिव्याची रिंग?"

"कोरी करकरीत."

"आरसा?"

"आधी एकच होता. आता दोन बसवले."

मी "नवं" म्हटलं की त्यांचं तोंड जरा आणखी उतरायचं. मला वाटलं उन्हाने. शेवटी त्यांनी केबिनमध्ये डोकं घातलं, माशाकडे बघितलं आणि डोकं बाहेर काढलं.

"कोंडिरामभाई, मला म्हातारी पाहिजे होती. तुम्ही नवरी आणली."

"अहो, पण आतून म्हातारीच आहे," मी घाईने म्हटलं. "इंजिन तर जुनंच ठेवलंय, माफ करा, ते बदलायला जमलं नाही." आणि स्टार्टर मारला.

हेला पहिल्या झटक्यात बोलला. ईश्वरभाईंनी डोळे मिटले. बॉनेटवर हात ठेवून ते दोन मिनिटं तसेच उभे राहिले, जसा डॉक्टर छातीवर यंत्र ठेवून उभा राहतो.

"दिल तर तेच आहे," ते म्हणाले. "रंग मी घासून काढीन. पण बाकी चेहरा कुठून आणू? ते पार्ट आता पैसे देऊन पण मिळत नाहीत. नहीं भाई. माफ करजो."

कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला नाथा उडी मारून खाली उतरला. "काका, मग सोमवारी दुपारचंच ठेवू ना?"

हंसाबेन मघाशीच पाणी प्यायला वर गेल्या होत्या. चहा टाकू नको, सौदा मोडला, असं सांगायला मी गुडघे धरत धरत जिना चढलो.

स्वयंपाकघराच्या दारात पोहोचलो तर आत माझी बायको वैजयंता आणि हंसाबेन डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. हंसाबेनच्या हातात डाळीच्या पातेल्याचं झाकण होतं आणि ते त्यांनी पोटाशी पालथं धरलं होतं.

"बेन, हे आत ठेवा," त्या म्हणत होत्या. "माझा माणूस वर येण्याआधी."

"अवं पण काहून? झाकणच तर हाय."

"झाकण नाही, बेन! व्हील कॅप आहे! तीस वर्षं झाली मला ह्या माणसाबरोबर, मी झोपेत ओळखते."

मी तिथंच थांबलो. पंचवीस वर्षं मी त्या झाकणाखालची डाळ खाल्ली होती आणि ते मला कधी दिसलंच नव्हतं. जुना पार्ट काढला की वैजयंता म्हणायची, "टाकू नका, आणा इकडं." मी आणून द्यायचो. पुढे तिने त्याचं काय केलं, हे मी कधी विचारलं नाही. आता नजर फिरवली तर घरात हेलाच हेला. दुसऱ्या व्हील कॅपमध्ये मटकी भिजत होती, तिसरीत कबुतरांचे दाणे होते, चौथी कुंडीखाली. दिव्याच्या जुन्या रिंगेने ती पुऱ्या पाडत होती, म्हणूनच आमच्या पुऱ्या शेजाऱ्यांपेक्षा मोठ्या. बेसिनवरच्या आरशात मी रोज दाढी करायचो, तो गाडीचा आरसा. कपाटाला कडी म्हणून दाराची मूठ. आणि कढईच्या झाकणावर, हाताला धरायला, छोट्या गिअरचा काळा गोळा.

"भाईसाहेब," हंसाबेनने मला बघितलं आणि हात जोडले, "तुम्ही काही बघितलं नाही. माझ्या घरात आधीच दोन स्कूटर आहेत, चार रेडिओ आहेत आणि रोडरोलरचं एक चाक आहे. चाक! सोफा विकून ठेवलंय. पाहुणे आले की चाकावर बसतात."

"अन् मी डाळीवर काय झाकू?" वैजयंता म्हणाली. "गप ऱ्हावा तुम्ही."

दोघी बायकांचं एकमत झालं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे नाथाचा कटर होता. मी खिडकीशी गेलो आणि खाणीत सुरुंगाच्या आधी ओरडायचो तसा ओरडलो.

"ईश्वरभाई! वर या!"

ईश्वरभाई वर आले, आणि पुढचा अर्धा तास ते आमच्या घरातून असे फिरले की जणू जत्रेत हरवलेली पोरं एकेक करून सापडताहेत. मटकी ताटात ओतली गेली. कबुतरांचे दाणे खिडकीत गेले. भिंग लावून त्यांनी कॅपवरची अक्षरं वाचली आणि लोकेशला मिठी मारली. लोकेश बिचारा अर्ध्या दिवसाची रजा टाकून नुकताच दारातून आत आला होता.

"सब ओरिजिनल! बेन, हे सगळं मला द्या."

"अस्सं कसं?" वैजयंता कमरेला पदर खोचून उभी राहिली. "माझं घर उघडं पाडता का? ह्याच्या बदल्यात काय देता?"

जन्मभर तिने दारावरच्या भांडेवालीशी जुन्या लुगड्यांवरून भांडण केलेलं होतं. ईश्वरभाईंचा तर धंदाच भांड्यांचा. त्यांनी ड्रायव्हरकडून गाडीतले नमुने वर मागवले आणि आमच्या हॉलमध्ये चटईवर भांडी मांडली गेली. एका बाजूला हेल्याचे अवयव, दुसऱ्या बाजूला पातेली.

"ह्या झाकणाला हे झाकण."

वैजयंताने ते बोटाच्या पेराने वाजवलं. "हलकं हाय."

"एकदम हलकं," हंसाबेन लगेच म्हणाल्या. "बेन, घेऊ नको. हे मी लग्नात वाटायला देते. जाड बुडाचं पातेलं माग, झाकणासकट."

"हंसा! तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी पातेल्याच्या बाजूने आहे."

हंसाबेनना वाटत होतं, भाव वाढला की नवरा मागे हटेल. तो हटेना. चार कॅपांना चार पातेली गेली. रिंगांना पुऱ्यांचा साचा आणि परात. आरशाला डब्यांची उतरंड. गिअरच्या गोळ्यापाशी वैजयंता कुकरवर अडून बसली, आणि हंसाबेन तिच्या कानात सांगत होत्या, "पाच लिटरचा, बेन, तीनचा नको." मिळाला.

मग ईश्वरभाईंची नजर बाल्कनीत गेली.

तिथे विटांवर एक पत्र्याची जाड फळी आडवी ठेवलेली होती आणि तिच्यावर आमची पाण्याची दोन पिंपं. ईश्वरभाई खाली बसले. त्यांनी फळीखाली हात घालून बोटं फिरवली.

"उठावाची अक्षरं! हा तर फाळका आहे. ओरिजिनल फाळका!"

फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार. चौऱ्याण्णव साली बिजागरी तुटली म्हणून मी नवा बसवला होता.

"ते नाही द्यायचं," वैजयंता म्हणाली.

"दहा लिटरचा कुकर देतो."

"नाही."

"बेन, गॅसची शेगडी."

"शेगडी लोकेश आणील. ते गाडीचं नाही, माझं हाय."

तिचा आवाज बदलला होता. ईश्वरभाई उठून उभे राहिले आणि हात झटकले. "फाळक्याशिवाय ही गाडी मागून कोणाचीही वाटेल. मी घेऊन काय करू? तुम्ही विचार करा."

खालून नाथाचा आवाज आला, "काका, मी जेवून येऊ का?"

मी वैजयंताकडे बघितलं. मला माहीत होतं ती का अडलीय. वरसाव्याला खाणीच्या वस्तीवर मी रोज कामावरून आलो की फाळका खाली पाडायचो, त्याची आतली बाजू पाटीसारखी वर यायची. वैजयंता चौथी शिकलेली. तिने खडूने त्याच्यावर अक्षरं काढायची आणि मी, चाळीस वर्षांचा घोडा, ती गिरवायची. सगळी वस्ती हसायची. जोडाक्षरं आली तेव्हा तर मी खडू खाडीत फेकला होता. तिने दुसरा आणला.

"वैजयंता," मी म्हटलं, "दिला नाही तर सोमवारी हेला कापतील."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"तुम्हाला काहीच आठवत नाही का?" ती म्हणाली. "दुसरी बाजू बघा की मग. पिंपं उचला."

मी आणि लोकेशने पिंपं उतरवली, फाळका पालथा केला. वर उठावाची इंग्रजी अक्षरं, खाली रंगाचे थरावर थर. मला तर काहीच दिसेना. वैजयंता आत गेली, ज्वारीच्या पिठाची मूठ घेऊन आली, फाळक्यावर चोळली आणि वरवर पुसली. खिळ्याने कोरलेल्या रेघांत पीठ अडकलं आणि निळ्या रंगावर पांढरी, वाकडी, हातभर मोठी अक्षरं उभी राहिली.

ही गाडी विकायची नाही. कोंडिराम.

मग हंसाबेन हसायला लागल्या, आणि हसता हसता पिंपाला टेकल्या.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंय?" लोकेश म्हणाला.

मीच लिहिलं होतं. टपरीवर विचारणाऱ्यांना उत्तर देऊन कंटाळलो, तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकतो. माझं पहिलं वाक्य. वैजयंताने खडूने आतल्या बाजूला काढून दाखवलं, मी खिळ्याने बाहेर कोरलं. एक अख्खा रविवार गेला होता. पुढे दर वर्षी मीच त्याच्यावर रंग मारत गेलो आणि विसरलो. ती विसरली नव्हती.

"हे असं लिहिलेलं विकायचं कसं, सांगा तुम्ही?" वैजयंता म्हणाली. "शब्दाला काही किंमत हाय का नाही?"

ईश्वरभाईंनी भिंग लावून सगळं वाक्य वाचलं, मग खालची सही वाचली.

"काही प्रॉब्लेम नाही," ते म्हणाले. "माझा माणूस हे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून टाकेल. घासून, रंग मारून, कोणाला समजणार पण नाही."

"थांबा," वैजयंता म्हणाली. "सकाळपासनं तुमचं काय चाललंय? ओरिजिनल, ओरिजिनल. मोर नको, मासा नको, जसं हाय तसं पायजे. म्हणता ना?"

"हो, पण..."

"मग हे जसं हाय तसंच पायजे. हात लावायचा नाही. लांबी नाही, रंग नाही. कबूल असंल तर न्या. ह्याला भांडंबी नको मला."

स्वतःच्याच नियमात माणूस अडकतो तेव्हा कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

"बरोबर बोलतात बेन," हंसाबेन जोरात म्हणाल्या. नवऱ्याची फजिती बघून त्यांना फार बरं वाटत होतं. "ओरिजिनलला हात नाही लावायचा. रेडिओ पुसला म्हणून तू माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हतास. आता हे लिहिलेलं आहे तसंच राहणार. कायमचं!"

"कबूल," ईश्वरभाई म्हणाले. "कायमचं."

हंसाबेनचं हसणं अर्ध्यावर थांबलं. त्यांनी फाळक्याकडे बघितलं आणि ओठ हलवत वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

"म्हणजे ही गाडी माझ्या घरातून कधीच जाणार नाही?"

"लिहिलंय ना," वैजयंता म्हणाली, आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

दुपारी मी आणि लोकेशने मिळून फाळका बसवला. नवा काढून नाथाला दिला, त्याची अगदीच निराशा नको म्हणून. मासा लोकेशने ठेवून घेतला, नव्या गाडीला लावीन म्हणाला. ईश्वरभाईंनी स्वतः स्टिअरिंग धरलं. पहिला गिअर टाकताना त्यांनी जराही आवाज होऊ दिला नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हंसाबेन मात्र त्यांच्या शेजारी बसायला तयार नव्हत्या. त्या आपल्या मोटारीतून मागून निघाल्या, म्हणजे घरापर्यंत ते वाक्य त्यांना समोरच बघावं लागलं.

गेटातून हेला डुलत बाहेर पडला. पीठ अजून रेघांत होतं. वैजयंता खिडकीत उभी होती, ती अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत. मग आत येऊन तिने डाळीवर नवं झाकण ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"बसत नाही नीट," ती म्हणाली.

संध्याकाळी फोन वाजला. ईश्वरभाई होते, मागून हॉर्नचा गोंधळ ऐकू येत होता.

"कोंडिरामभाई, केबिन रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. मुद्दाम एक चक्कर मारायला आणली होती. अर्ध्या तासात तीन माणसांनी काचेवर टकटक करून विचारलं, शेठ, गाडी विकायची का."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी काही बोलतच नाही," ईश्वरभाई म्हणाले. "नुसता अंगठा मागे करतो."